काकू, बेदाण्याला आधी पाणी पाजायला शिकवलंत त्याबद्दल

प्रिय काकू,

समोर बसून थँक्यू म्हटलं की तुम्ही "गप गं, चहा टाक" म्हणून विषय बदलता, दोनदा झालंय असं, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाचावं लागेल. आणि इथे लिहिलं की तुमची सफरचंदाच्या केकची पद्धत अजून चार घरांत पोचेल, ते तुम्हाला नक्की आवडेल.

आम्ही सप्टेंबर 2022 मध्ये इंग्लंडमध्ये नॉटिंगहमला आलो, जवळच्या बीस्टनमध्ये घर मिळालं, नवऱ्याचं युनिव्हर्सिटीतलं काम लगेच सुरू झालं आणि मी दिवसभर घरात एकटी. पाच वाजता अंधार पडायला लागला तसं मला काहीच सुचेना. घरात ओव्हन होता, तासगावला आमच्याकडे कधी ओव्हन नव्हता, म्हणून म्हटलं केक करून बघू. आणि बाबांनी येताना पाच किलो बेदाणा बांधून दिलेला, आमच्याच द्राक्षं सुकवायच्या शेडवरचा, तो कपाटात पडून होता, म्हणून सफरचंद आणि बेदाण्याचा केक करायचा ठरवलं. तीन केले आणि तिन्ही कोरडे. म्हणजे चवीला वाईट नव्हते पण घास घशाखाली उतरायला पाणी लागायचं, बेदाणे सगळे तळाला जाऊन बसलेले आणि सफरचंदाचे तुकडे केकमध्ये असूनही त्याचा ओलावा कुठे गेला ते कळत नव्हतं. तिसरा केक फेकताना मी रडले. बाबांचा बेदाणा फेकतेय याचं वाईट वाटत होतं, त्यामागची मेहनत मी लहानपणापासून बघितलीये.

त्याच आठवड्यात तुम्ही दार वाजवलंत. चार घरं सोडून राहता आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकून कोण आलंय बघायला आलात! हातात कापडी पिशवी, त्यात दहा-बारा मोठी हिरवी, बेढब सफरचंदं, आणि पहिलंच वाक्य, "कोल्हापूरची आहे गं मी, 1974 पासून इथं." मी तासगावची म्हटल्यावर तुम्ही दारातच माझा हात धरलात. महिनाभरात कुणी तसा हात धरला नव्हता काकू.

पिशवीतली सफरचंदं कच्ची खाऊ नकोस, आंबट ढाण आहेत, ही शिजवायची, असं तुम्ही सांगितलंत. ब्रॅमली. इथल्यांना त्यात काही विशेष वाटत नाही पण मला नवीनच होतं की खायचं सफरचंद वेगळं आणि शिजवायचं वेगळं. मी वापरत होते ते गोड गाला, ते ओव्हनमध्ये आपला आकार धरून बसतं आणि साखरेत त्याची चव हरवून जाते. ब्रॅमलीत आम्ल भरपूर, त्यामुळे केकची साखर पचवूनही त्याचा आंबटपणा जिभेला लागतो, आणि शिजलं की ते फुटून लोण्यासारखं होतं, पिठात मुरतं. हे तुम्ही मला बोलून नाही दाखवलंत, एका भांड्यात ब्रॅमली आणि एकात गाला, दोन्ही चमचाभर पाण्यात शिजवायला ठेवलंत आणि पाच मिनिटांनी झाकण काढून म्हणालात, बघ.

मग माझा उरलेला अर्धा केक बघितलात. सुरी घातली, एक बेदाणा बाहेर काढून बोटांत दाबलात आणि म्हणालात, "हा तहानलेला आहे बाई. तू याला पाणी पाजलं नाहीस तर हा केकचं पाणी पिणार."

एवढंच. तीन केकचं उत्तर एका वाक्यात मिळालं. आणि मला हे कळायला हवं होतं खरं तर, कारण द्राक्षातलं पाणी कसं काढतात ते बघतच मी मोठी झाले. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवायचे, शेडवर रॅकच्या जाळीवर पसरायचे, मग बारा-पंधरा दिवस वाऱ्यावर सुकू द्यायचे, चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे तीन किलो पाणी गेलं ना! त्या पंधरा दिवसांत अवकाळी आला तर बाबा रात्रभर ताडपत्र्या धरून उभे. असा सुकवलेला बेदाणा ओल्या पिठात टाकला की तो शोषणारच. मी सुकवण्याच्या बाजूने सगळं बघितलेलं, दुसऱ्या बाजूने कधी विचारच केला नव्हता.

तुमची पद्धत आता माझ्या हातात बसलीये, पण इथे नीट लिहिते कारण मला मेसेज करून विचारणाऱ्या मैत्रिणींना मी दरवेळी काहीतरी विसरते. आदल्या रात्री दीडशे ग्रॅम बेदाणा, त्यात चार-पाच जर्दाळू आणि तेवढेच खजूर बारीक चिरून, सगळं एका बाउलमध्ये घ्यायचं आणि वर कडक, बिनदुधाचा गरम चहा बुडेपर्यंत ओतायचा, झाकून ठेवायचं. चहाच का तर तुमच्या शाळेच्या किचनमधल्या बायका तसं करायच्या, यॉर्कशायरचा टी लोफ असाच चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा असतो, वेल्समध्ये "बारा ब्रिथ" नावाचा असतो तोही तसाच. चहाचा तुरटपणा बेदाण्याच्या गोडीला आवर घालतो, साध्या पाण्यात भिजवला तर नुसता गोडमिट्ट लागतो, मी करून बघितलंय. सकाळी चाळणीत निथळायचं, कापडावर टिपायचं, आणि मग चमचाभर कोरडा मैदा भुरभुरून हाताने चोळायचं, म्हणजे प्रत्येक बेदाण्याला पिठाचं अस्तर लागतं आणि तो तळाला कमी घसरतो.

सफरचंदाचे दोन भाग, हे तर मला सगळ्यात आवडतं. सोलल्यावर साधारण चारशे ग्रॅम, त्यातलं अर्धं किसायचं आणि अर्ध्याच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी. कीस पिठात विरघळून जातो, दिसतही नाही, पण सगळा ओलावा तोच देतो, आणि फोडी चावताना मध्ये मध्ये लागतात. कीस पिळायचा नाही! मी आधी काकडीच्या कोशिंबिरीसारखा पिळून घ्यायचे, पाणी जास्त होईल म्हणून. तुम्ही माझी मूठ उघडून ते पाणी परत भांड्यात टाकलंत. कीस काळा पडला तरी चालतो, दालचिनी आणि ब्राऊन शुगरमध्ये कोण बघतंय.

बाकी मग 225 ग्रॅम सेल्फ रेझिंग पीठ (भारतात मैदा घ्या आणि त्यात अडीच ते तीन टीस्पून बेकिंग पावडर), दोन टीस्पून दालचिनी, थोडं जायफळ, चिमूटभर मीठ. दीडशे ग्रॅम ब्राऊन शुगर, तीन अंडी आणि दीडशे मिली सूर्यफुलाचं तेल एकत्र फेटायचं, चांगलं फेसाळ होईपर्यंत. तेलाबद्दल मला शंका होती, केक म्हणजे बटर असं डोक्यात बसलेलं. पण बटर गार झालं की घट्ट होतं आणि त्याच्याबरोबर केकही घट्ट लागतो, तेल पातळच राहतं म्हणून तिसऱ्या दिवशीही केक मऊ. बटरचा वास हवा असेल तर वरून खाताना लावा. ब्राऊन शुगरमधली काकवीसुद्धा ओलावा धरून ठेवते. पीठ घातल्यावर मात्र फेटणं बंद, स्पॅट्युलाने खालून वर, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, जास्त घोटलं की केक चिवट होतो. मिश्रण घट्टसर दिसतं, घाबरून दूध घालू नका, सफरचंद ओव्हनमध्ये आपलं पाणी सोडतं. काका अंडं खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी अंड्यांऐवजी पाऊण कप घट्ट दही आणि अर्धा टीस्पून सोडा, तोही छान होतो, जरासा जड.

आठ इंची खोल टिन, वरून डेमेरारा (जाड दाण्याची ब्राऊन) साखर भुरभुरायची, फॅन ओव्हन 160 ला आणि साधा असेल तर 180 ला, तासभर तरी लागतो. चाळीस मिनिटांनी वरून लाल दिसायला लागला की फॉइलची टोपी. सुई दोन ठिकाणी घालून बघायची, कारण एका ठिकाणी सफरचंदाची फोड लागली तर सुई ओलीच येणार आणि आपण उगाच अजून वीस मिनिटं ठेवून सगळं वाळवणार. माझ्या तीन केकमधला एक तर असाच गेला असणार.

आणि त्याच दिवशी कापायचा नाही. हे तुम्ही मला शपथ घातल्यासारखं सांगितलंत. गार झाला की बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापायचा, तोवर फळांचा ओलावा सगळीकडे सारखा पसरतो. पहिल्यांदा तुमचं ऐकून मी तो डबा रात्रभर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सुरी घातली तेव्हा सुरीला ओलसर तुकडे चिकटून आले, आणि खाताना पाणी लागलं नाही.

भारतात ब्रॅमली मिळणार नाही, तर हिरवं ग्रॅनी स्मिथ घ्या, किंवा आपलं हिमाचलचं सफरचंद घेऊन किसावर अर्धं लिंबू पिळा.

पण काकू मला खरं सांगायचंय ते सप्टेंबर 2024 चं. बाबा पहिल्यांदा इकडे आले, तीन आठवड्यांसाठी, द्राक्षाच्या फळछाटणीच्या आधी परत जायचंच या अटीवर. त्यात गणपती आला. तासगावला चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी रथ असतो, माणसं दोराने रथ ओढतात, गुलाल, आणि बाबांनी आयुष्यात एकही रथ चुकवला नव्हता. त्या दिवशी सकाळपासून ते गप्प होते, फोनवर व्हिडिओ बघत बसलेले. तुम्हाला मी फक्त एवढंच सांगितलं होतं फोनवर. दुपारी तुम्ही आम्हाला बागेत बोलावलंत, तुमच्या ब्रॅमलीखाली खुर्च्या मांडलेल्या आणि टेबलावर केक, बाबांच्या बेदाण्याचा, आदल्या दिवशीच करून ठेवलेला.

मी बाबांना भिजवण्याचं सांगितलं तर म्हणाले, "आमी पंधरा दिस वाळवायचं आन् तुमी परत भिजवायचं व्हय?" मग त्यांनी घास घेतला. दोन बेदाणे प्लेटमध्ये बाजूला काढले, उन्हाकडे धरून बघितले, फुगून परत द्राक्षासारखे झालेले. "ह्यो आपलाच हाय," म्हणाले. मग दुसरा तुकडा मागून घेतला. तुम्ही आत किटली ठेवायला गेला होतात, तुम्ही बाबांचा चेहरा बघितला नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

आणि मग तुम्ही झाडाची गोष्ट सांगितलीत त्यांना. की इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर साऊथवेलमध्ये 1809 साली मेरी अॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या लहान मुलीने बिया लावल्या, त्यातून ब्रॅमलीचं मूळ झाड आलं, 1846 मध्ये ते झाड असलेलं घर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या खाटकाने घेतलं, आणि 1856 मध्ये नर्सरीवाल्या घरचा सतरा वर्षांचा हेन्री मेरीवेदर कलमं मागायला आला तेव्हा ब्रॅमली म्हणाला घेऊन जा पण नाव माझं द्यायचं. बाबांना याचा फार राग आला, नाव तर त्या पोरीचं पाहिजे होतं म्हणाले. पण कलमाचं ऐकून ते एकदम खुलले. त्यांनी तुम्हाला बोरगावच्या वसंतराव आर्वेंबद्दल सांगितलं, थॉमसन द्राक्षाच्या बागेतली वेगळी वेल हेरून त्यांनी तास-ए-गणेश ही जात कशी पुढे आणली, आमची बागही तीच. तुम्ही दोघं कलम आणि काड्यांवर तासभर बोललात. साऊथवेलचं ते मूळ झाड 1900 च्या वादळात कोसळून परत उभं राहिलं आणि आता त्याला बुरशी लागलीये हे ऐकून बाबांनी विचारलं, कसली बुरशी, मुळाला का खोडाला, आणि तुम्ही उठून पुस्तक घेऊन आलात.

परत जाताना एअरपोर्टवर बाबा म्हणाले, आता तुझी काळजी नाही, तिथं कोल्हापूरची बाई हाय.

काकू, मी तुम्हाला कधी विचारलं नाही की 1974 मध्ये तुमचं दार कुणी वाजवलं होतं. एकदा केक करताना तुम्ही त्या शाळेच्या किचनमधल्या मैत्रिणीचं बोलला होतात, जी तुम्हाला "मी डक, मी डक" (me duck, इकडची प्रेमाची हाक) म्हणायची आणि जिने तुम्हाला हा केक शिकवला, आणि तुम्ही पण आता मला कधीकधी तशीच हाक मारता. त्यांनाही माझा थँक्यू आहे, जिथे असतील तिथे.

तर यंदाचा बेदाणा आलाय. माझा चुलतभाऊ पुढच्या शनिवारी येतोय, बाबांनी त्याच्या बॅगेत तुमच्या नावाची दोन किलोची वेगळी पिशवी घातलीये, वर पेनाने "कोल्हापूरच्या ताईंना" लिहिलंय. तुमच्या गुडघ्याचं माहितीये मला, यंदा शिडीवर तुम्ही चढायचं नाही. सफरचंदं उतरवायला रविवारी सकाळी मी आणि नवरा येतो, तुम्ही खाली खुर्चीत बसून कुठलं तोडायचं ते सांगा.

तुमची,
चार घरं सोडून राहणारी तासगावची पोरगी