पॉवर पुरते हो, पण दोन ट्रॉल्यांच्या ब्रेकचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऊस वाहतुकीबद्दल तुमच्या पेपरात दर हंगामाला बातम्या येतात, कुठं ट्रॉली पलटी झाली, कुठं रात्री मागून टूव्हीलर धडकली, आणि त्याच्यावर चार दिवस चर्चा होऊन परत सगळं शांत होतं. मी कडेगाव तालुक्यातला शेतकरी आहे, घरचा ट्रॅक्टर आहे आणि हंगामात तो ऊस वाहतुकीला असतो, त्यामुळं ह्या विषयावर मला जरा सविस्तर लिहायचंय. लांबलं तर सांभाळून घ्या, पण मधलं कापू नका ही विनंती.

आमच्याकडं नवीन ट्रॅक्टर घ्यायचा विषय निघाला की पोरं एकच विचारतात, दोन ट्रॉल्या ओढंल का? ४५ एचपीचा घ्यावा का ५५ चा, टू व्हील का फोर व्हील, कुठल्या कंपनीचा घाटात दम धरतो. गॅरेजवर, चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या यार्डात नंबर लागायची वाट बघत बसल्यावर, सगळीकडं हेच. आता तर मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ बघून विचारतात की ती लोकं पिकअपच्या मागं एक कॅम्पर (चाकांवरचं फिरतं घर) आणि कॅम्परच्या मागं बोट असे दोन ट्रेलर लावून जातात, मग आपल्या बोलेरो पिकअपला ७५ एचपीच्या आसपास पॉवर आहे, ट्रॅक्टरपेक्षा जास्त, तिला का जमू नये?

तर आधी पॉवरचंच बोलतो. एचपी म्हणजे काम किती वेगात होतंय त्याचं माप, ओढ किती आहे त्याचं नाही. ट्रॅक्टरच्या अगदी लो गिअरला इंजिनचे दोनशेच्या वर फेरे होतात तेव्हा मागचं मोठं चाक एकदा फिरतं, पिकअपला पहिल्या गिअरात हाच आकडा वीसच्या आसपास असतो. म्हणून ४५ चा ट्रॅक्टर जे हलवतो त्याच्यापुढं ७५ ची पिकअप क्लचचा वास सोडून गप बसते. पिकअप बनवलीय ती स्वतःच्या हौद्यात दीड-दोन टन माल घेऊन रस्त्यानं पळायला. तिच्यामागं भरलेल्या ट्रॉल्या लावायचा विचारसुद्धा करू नका.

आता हिशोब बघा. दोन ट्रॉल्यांत मिळून २० टन ऊस धरा, दोन रिकाम्या ट्रॉल्या ४ टन, ट्रॅक्टर वजनाबिजनासकट अडीच टन, म्हणजे साडेसव्वीस टनाची गाडी झाली. वीस फुटाला एक फूट असा चढ असला तर चढाची ओढ सव्वा टनाच्या थोडी वर आणि चाकं फिरवायची ओढ साधारण अर्धा टन, मिळून एक टन आठशे किलोच्या आसपास. ५५ एचपीचं इंजिन एवढं वजन ताशी सहा-सात किलोमीटरनं वर नेऊ शकतं. म्हणजे पॉवर पुरते! कमी पडतं ते वजन आणि पकड. मागच्या दोन चाकांवर जेमतेम पावणेदोन टन वजन असतं आणि कोरड्या डांबरावर त्याच्या साठ-पासष्ट टक्के म्हणजे अकराशे किलोच्या आसपास पकड मिळते. चढाला लोड मागं येतो तशी ती थोडी वाढते, पण मग ट्रॅक्टर तोंड उचलायला लागतो. चाक जागेवर फिरतंय नाहीतर पुढचं तोंड वर आलंय, हे तुम्ही रस्त्यावर बघितलं असेल, तिथं ५५ च्या जागी ६५ एचपी आणून काहीही फरक पडत नाही. मागच्या टायरात पाणी भरून, पुढं वजनं लावून, नाहीतर फोर व्हील घेऊन फरक पडतो. आणि ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचं हूक जितकं खाली तितकं चांगलं. काहीजण ट्रॉलीचा दांडा टेकू नये म्हणून हूक उंच करून घेतात, ते अजिबात करू नका, मागच्या एक्सलच्या वर ओढ गेली की ट्रॅक्टर मागं उलटतो आणि ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

तसंच पंप वाढवायचं. मेकॅनिककडं जाऊन डिझेल पंप वाढवून घ्यायचा, काळा धूर निघाला की गडी खूश, दम वाढला म्हणून. डिझेल जादा जातं, इंजिन तापतं, क्लच प्लेट हंगामातच संपते आणि चाकाची पकड होती तेवढीच राहते. पैसे घालवायचेच असतील तर ब्रेकवर घाला, त्याच्यासाठीच तर हे पत्र लिहितोय.

चढाचं झालं, आता तीच गाडी उताराला लावा. कराड-विटा रस्त्यावर सुर्ली घाट आहे, आमच्या भागातला ऊस तिथनं खाली कराडच्या बाजूला जातो. साडेसव्वीस टनाच्या गाडीला ब्रेक आहेत फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना, ट्रॉल्यांच्या आठ चाकांना काहीच नाही. म्हणजे ब्रेकची जास्तीत जास्त ताकद तीच, अकराशे किलो. वीसास एक उताराला गाडी खाली ढकलणारी ताकद तेराशे किलो. चाकांचं घर्षण अर्धा टन मदतीला येतं म्हणून हिशोब कसाबसा जमतो, अकराशे अधिक पाचशे म्हणजे सोळाशे, वजा तेराशे, उरले तीनशे किलो. साडेसव्वीस टनाला थांबवायला तीनशे किलो! ताशी पंचवीसच्या स्पीडला पूर्ण ब्रेक दाबला तरी गाडी दोनशे मीटर गेल्याशिवाय थांबत नाही. आणि फडातनं आलेल्या टायरांचा चिखल रस्त्यावर पडलाय, वर अवकाळीची एक सर झालीय, पकड निम्म्यावर आली, तर तीनशेही उरत नाहीत. मग ड्रायव्हर कितीही हुशार असूद्या, गाडी त्याच्या हातात नाही. गिअरमध्ये ठेवली तरी इंजिनचा ब्रेकसुद्धा त्याच दोन चाकांतनं लागतो. तरी गिअरमध्येच ठेवायची, ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं, डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा माणूस आधी स्वतः जातो आणि समोरच्यालाही घेऊन जातो. डावं-उजवं ब्रेक पेडल जोडणारी पट्टी असते तीपण रस्त्यावर लावायचीच, शेतातली मोकळी पेडलं तशीच घेऊन रोडवर आलं की एकच बाजू धरते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागच्या दोन्ही ट्रॉल्या त्याच्यावर येतात.

घाटात मागच्या ट्रॉलीच्या बाजूनं एक पोरगं लाकडी ठोकळा हातात धरून चालत असतं, गाडी मागं सरकली की चाकाखाली टाकायला. बहुतेक ऊस तोडणाऱ्या टोळीतलाच कुणीतरी, बीडकडनं आई-बापाबरोबर आलेला. दुसऱ्या ट्रॉलीचा ब्रेक म्हणजे हे पोरगं. मला हे बघवत नाही, आणि पेपर वाचणाऱ्या कुणालाच बघवू नये.

मागच्या हंगामात यार्डात माझ्या पुढच्या गाडीची दोन ट्रॉल्यांमधली पिन मी जवळ जाऊन बघितली. पिन नव्हतीच, स्लॅबच्या सळईचा तुकडा होता, मधे वाकलेला, खाली क्लिपऐवजी बाइंडिंगची तार पिळलेली, आणि दांड्याचं भोक घासून घासून लांबट झालेलं. सेफ्टी साखळी नाही. ड्रायव्हरला म्हणलं अरे हे तुटलं तर, तर म्हणाला मालकाला सांगितलंय, हप्ता निघाला की बघू म्हणालेत. त्याची चूक किती धरायची? वाहतुकीचे पैसे टनावर आणि किलोमीटरवर मिळतात, यार्डात नंबर लागायला कधीकधी रात्र जाते, टोळीला लाखांनी उचल दिलेली असते, बँकेचा हप्ता थांबत नाही. एका खेपेला दोन ट्रॉल्या ठासून भरल्या तरच परवडतं. म्हणून नुसतं ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देऊन काही होणार नाही. टेपचा आवाज मोठा ठेवून मागच्याचा हॉर्न ऐकू न येणारे आहेत, त्यांना बोललंच पाहिजे, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

आता अमेरिकेतल्या पिकअपचं. फोर्डच्या एफ-३५० सारख्या मोठ्या पिकअपला २०२३ च्या मॉडेलपासून ६.७ लिटरचं ५०० एचपीचं डिझेल इंजिन मिळतं, टॉर्क म्हणजे पिळायची ताकद १६०० न्यूटन-मीटरच्या वर. व्हिडिओत एवढंच दाखवतात. पण तिथं बऱ्याच राज्यांत ३००० पाउंडाच्या म्हणजे साधारण १३६० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, ड्रायव्हरच्या हाताशी ट्रेलरच्या ब्रेकचं वेगळं बटण असतं, आणि ट्रेलर सुटलाच तर वायर ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. एवढं करूनही दोन ट्रेलर लावायला काही राज्यांत परवानगी आहे आणि काहींत सरळ बंदी. १३६० किलोला तिथं ब्रेक पाहिजे आणि आपल्या भरलेल्या एका ट्रॉलीचं वजन बारा टन. पोरांनो, व्हिडिओ बघायचाच तर हे बघा.

ट्रॉलीला ब्रेक बसतो, हवेचा बसतो, हायड्रॉलिक बसतो, ट्रॅक्टरवरनं पाइप जोडायची असते. खर्च आहे, पण टोळीच्या उचलीपुढं तो फार नाही. दरवर्षी पोलीस, आरटीओ आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात, फोटो येतात, ते चांगलंच काम आहे, रात्री मागच्याला ट्रॉली दिसते तरी. पण लांबून दिसलेली ट्रॉली थांबत नसेल तर अर्धंच काम झालं ना. कारखान्यांनी वाहतूक करार करताना टोळी किती कोयत्यांची (कोयता म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं) हे जसं बघतात तसं निदान मागच्या ट्रॉलीला ब्रेक आहे का, पिन घडवलेली आहे का, साखळी आहे का हे बघावं आणि ब्रेकसाठी उचलीत वेगळी रक्कम द्यावी, ती बिलातनं कापून घ्यावी, आम्ही नाही म्हणणार नाही. काट्यावर वजन रोज होतंच की, कुठल्या गाडीत किती टन भरून येतोय हे कारखान्याइतकं कुणालाच माहीत नाही, मग ठराविक टनाच्या वरच्या मालाचं भाडं द्यायचंच नाही असं एकदा जाहीर करा, दुसऱ्या दिवसापासून ठासून भरणं बंद होतंय का नाही बघा. सुर्लीसारख्या घाटात एका वेळी एकच ट्रॉली उतरवायची, वर एक सोडून परत येऊन न्यायची, त्यासाठी घाटाच्या वर थोडी सपाट जागा आणि रात्रीचा एक दिवा लागतो, तो बांधकाम खात्यानं द्यावा. आणि यार्डातला नंबर मोबाइलवर मेसेजनं द्या, म्हणजे ड्रायव्हर रात्रभर जागून पहाटे घाटात झोपेत गाडी हाणणार नाही.

पुढच्या हंगामाचे करार उन्हाळ्यातच सुरू होतात. ब्रेक बसवायला वर्कशॉपवाल्यांना पावसाळ्याचे चार महिने मिळतात, त्यामुळं कारखान्यांनी ठरवायचं ते करार लिहायच्या आधी ठरवावं. आमच्या गावातल्या वाहतूकदारांची बैठक घ्यायला मी तयार आहे, कुठल्याही कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांनी यावं.

आपला नम्र,
एक ट्रॅक्टरमालक शेतकरी
ता. कडेगाव, जि. सांगली