उतार लागायच्या आधी

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. बुधवारचं रेडिएशन मी तुम्हाला न विचारताच ठरवलंय. बाबा, रागवा, पण चला. कमरेच्या त्या हाडाला एकदाच द्यायचंय, महिनाभर फेऱ्या नाहीत. फेऱ्या असत्या तर मीच नको म्हटलं असतं. एक-दोन दिवस ठणका वाढेल कदाचित, उतार पडायला दोन-तीन आठवडे लागतील. पण निदान कुशीवर वळता येईल हो.

आता गोळ्यांचं. चादर झटकताना आईला उशीखाली मॉर्फिनच्या चार गोळ्या सापडल्या. शेजारचे काका म्हणाले अफू, सवय लागते, आणि तुम्ही ऐकलंत! दुखण्यापुरती, ठरल्या मापानं घेतली तर व्यसनाची भीती फार थोडी. दर चार तासांनी म्हणजे दर चार तासांनी, कळ उठल्यावर नाही. घाटात तुम्हीच सांगायचात ना, उतार लागायच्या आधी गिअर टाकायचा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडायची नाही? तसंच हे. मला इंजिनाच्या बॉनेटवर रुमाल अंथरून बसवायचात, बुडाला चटका बसू नये म्हणून. त्या रुमालाला डिझेलचा वास यायचा. अजून येतो मला.

आई, वेळा कॅलेंडरवर लिही. पोट साफ व्हायचं औषध रोज द्यायचंच, नुसत्या इसबगोलावर भागवू नकोस. या गोळ्यांबरोबर त्यानं उलट जास्त अडतं. गोळी गावच्या दुकानात मिळत नाही, संपायच्या आठवडाभर आधी कळव. दुकानातली दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी मनानं द्यायची नाही. आणि बाबांचे पाय लुळे पडले, बधिर वाटले, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन असले तरी गाडी काढायची. असं होईलच असं नाही, पण तुला माहीत असावं.

पलंग माजघरात आणायला सांगितलाय. तिथून जांभूळ दिसतं, आणि माडीचा जिना चढायला नको. कमोडची खुर्चीही येतेय. लाजू नका.

बुधवारी सहाला गाडी येईल. बाबा, पुढून बटणांचा सदरा घाला, हात वर करावे लागणार नाहीत. आणि मागे आडवे व्हा. पुढे मी बसते, ड्रायव्हरला खड्डे दाखवायला.

तुमची,
बेबी