ऑक्सबरोच्या विटांबद्दल, चि. सायलीस

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या ऑक्सबरो हॉल या जुन्या वाड्यावरचा तुझा निबंध दोनदा वाचला. फोटो आईलाही दाखवले. एवढ्या मोठ्या घराची झाडलोट कोण करतं, एवढंच तिने विचारलं.

मला एक गोष्ट पटली नाही. तू सगळा भर संरक्षणावर दिलायस. १४८२ साली घर बांधणाऱ्या एडमंड बेडिंगफेल्डने राजा चौथ्या एडवर्डकडून तटबुरुजांचा परवाना घेतला, हे खरं. भोवती खंदक आहे, दरवाजाच्या दोन्ही अंगांना उंच बुरूज आहेत. पण कमानीवरच्या खिडक्या बघ की! ऐन दर्शनी बाजूला एवढ्या रुंद खिडक्या काढणारा माणूस कुठल्या शत्रूची वाट बघत असेल? तोफा तोवर आल्याच होत्या. त्याला लढाई नको होती, दरारा हवा होता, आणि तो साधलाही. १४८७ साली खुद्द सातवा हेन्री मुक्कामाला आला. दरवाजावरच्या त्या खोलीला अजून ‘किंग्ज रूम’ म्हणतात.

दुसरं म्हणजे, वीट का वापरली हे तू दोन ओळींत उरकलंस. मी असतो तर निम्मा निबंध तिथेच घालवला असता. नॉरफोकात बांधकामाला चांगला दगड नाही, गारगोटी तेवढी मिळते. माती मात्र मुबलक. शिवाय समुद्रापलीकडे फ्लँडर्स-हॉलंडकडे विटेचं काम पूर्वापार चाललेलं. त्यामुळे त्या काळी तिथे वीट हा गरिबाचा माल नव्हता, बड्या लोकांची हौस होती.

पुन्हा गेलीस तर बुरुजातला गोल जिना सावकाश उतर. पायऱ्यांच्या खालचं छतसुद्धा विटेचंच आहे, जिन्याबरोबर वळत जाणारं. तिथे प्रत्येक थराला ढाळही सांभाळायचा आणि वळणही. सरळ कमानीचं सेंटरिंग (खालचा आधाराचा साचा) करतानाही आपल्या गवंड्यांची तारांबळ उडते, तर यांनी हे कसं पेललं असेल? मला अजून नीट उलगडा झालेला नाही. तुमच्या सरांना विचार.

आणि विटांमधल्या दरजा बघ. त्या काळची वीट पातळ, जेमतेम दोन इंच, आणि हाताने पाडलेली, म्हणून वेडीवाकडी. थर समपातळीत राखायचे तर चुना जाड भरावा लागतो. डिप्लोमाला विटा रचायचा इंग्लिश बाँड आम्ही घोकला होता, एक थर हेडर (विटेचं टोक बाहेर), एक थर स्ट्रेचर (लांब बाजू बाहेर); पण चुन्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. चुन्याच्या दरजेतून ओल बाहेर पडते. जुन्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या की ओल विटेतच अडकते, कडाक्याच्या थंडीत गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे थंडीचं भय नाही, पण मिठाने तेच होतं.

तुला आवडलेली ती पिळाची धुरांडी मात्र ट्यूडर काळातली, म्हणजे सातव्या हेन्रीच्या घराण्याच्या काळातली, नव्हेत, एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी १७७५ मध्ये दक्षिणेकडचा मोठा दिवाणखाना पाडला होता. पुढे बकलर नावाच्या वास्तुविशारदाने धुरांडी, टेराकोटाच्या खिडक्या आणि आणखी एक बुरूज घालून घर होतं त्यापेक्षा जास्त जुनं दिसेल असं केलं. कसबी माणूस, पण लबाड! तू सगळं एकाच काळात घातलंस तर परीक्षक तिथेच गुण कापतील.

कॅथलिक पाद्र्याला लपवायची जागा तू छान लिहिलीस. फरशीचाच तुकडा झाकण म्हणून बसवलाय, हे वाचून मजा वाटली. पण १९५१ ची गोष्ट कशी सुटली? घर विकलं गेलं होतं, पाडायची वेळ आली होती. तेव्हा घराण्यातल्या तीन बायकांनी आपापली घरं विकून ते परत घेतलं आणि १९५२ साली नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं.

तसंच छताचं. २०१६ साली छतातली एक खिडकी कोसळली, त्यातून मोठी दुरुस्ती निघाली. २०२० मध्ये फळ्यांखाली उंदरांच्या घरट्यांत जुन्या कापडांचे तुकडे मिळाले, आणि पोटमाळ्याच्या पोकळीत १५६८ साली छापलेलं प्रार्थनेचं पुस्तक एका बांधकाम कामगाराच्या हाती लागलं. तो कामगार निबंधात आलाच पाहिजे. शब्दमर्यादा आड येत असेल तर राजाची खोली काप.

तुझा,
बाबा