सुट्या छपराची शिट्टी : रबर बदलण्याआधी फट तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छप्पर काढून ठेवता येणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या परीक्षणांत इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन यांवर परिच्छेदच्या परिच्छेद असतात. वाऱ्याच्या आवाजाची मात्र एका ओळीत बोळवण होते. तो कोणत्या वेगाला सुरू झाला, कोणत्या सांध्यातून आला, शिट्टी होती की सळसळ, यातले काही कळत नाही. मग आवाजाने वैतागलेला मालक डोळ्यांना दिसते तेवढेच बदलतो, म्हणजे रबराचे बीडिंग, आणि शक्य झाले तर आधीपेक्षा जाड घालतो. याने आवाज बऱ्याचदा वाढतो. असे का होते ते नीट लिहिले जावे, म्हणून हे पत्र.

वारा छप्पर खाली दाबून धरतो, हा समज आधी सोडायला हवा. विंडशील्डवरून चढून आलेल्या हवेचा वेग छपरावर वाढतो, तिथला दाब केबिनमधल्या दाबापेक्षा कमी होतो आणि पॅनेल, म्हणजे छपराचा सुटा तुकडा, वर ओढले जाते. ताशी 100 किलोमीटरला वाऱ्याचा दाब चौरस मीटरमागे सुमारे 460 न्यूटन भरतो. त्याच्या निम्मी ओढ आणि पाऊण चौरस मीटरचे पॅनेल धरले, तरी 17-18 किलो वजन उचलण्याएवढे बल झाले. ताशी 200 ला ते चौपट होते. उभ्या गाडीत घट्ट वाटणारे छप्पर वेगात किंचित उचलले जाते ते यामुळे. आवाजही वेगाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. फटीतून येणाऱ्या सळसळीची तीव्रता ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घाताने चढते, म्हणून 80 चा वेग 120 वर गेला की आवाज 10 डेसिबलच्या आसपास वाढतो आणि कानाला जवळपास दुप्पट वाटतो.

दुसरी गोष्ट बॉडीच्या पिळाची. छप्पर नसलेली बॉडी म्हणजे झाकण काढलेला खोका, ती पिळवटते. 1968 च्या कॉर्व्हेट या शेवरलेच्या स्पोर्ट्स कारला मुळात एकसंध सुटे छप्पर द्यायचा बेत होता. बॉडी लवून करकरू लागली, म्हणून मधोमध पुढून मागे जाणारा पट्टा ठेवून छपराचे दोन तुकडे करावे लागले. तोच टी-टॉप. 1984 च्या मॉडेलमध्ये छप्पर पुन्हा एकसंध झाले, पण ते बोल्टने आवळायचे होते. यातून रोजच्या वापरासाठी एक साधा नियम निघतो : एक चाक फुटपाथवर चढलेले असताना किंवा गाडी जॅकवर असताना छप्पर कधीही बसवू नये. त्या क्षणी छपराची चौकट तिरकी झालेली असते. पॅनेल त्या तिरक्या चौकटीत बसते आणि गाडी सपाट रस्त्यावर आली की एका कोपऱ्यात फट उघडते.

आता फट शोधायची कशी? मास्किंग टेपची एक गुंडाळी आणि रिकामा, गुळगुळीत रस्ता एवढे पुरते. आधी आरशाचे बूड, विंडशील्डच्या कडेची पट्टी आणि वायपर यांच्या फटी टेपने बंद करून पाहाव्यात. छपराची म्हणून आलेली तक्रार पुष्कळदा इथेच मिटते. मग छपराचे सगळे सांधे बाहेरून टेपने बंद करावेत आणि ठरलेल्या एकाच वेगाला, रस्त्याच्या दोन्ही दिशांना गाडी चालवावी, कारण आडवा वारा एका बाजूची फट झाकतो आणि दुसरीकडची उघडतो. आवाज गेला, तर एकेक सांधा मोकळा करत जावे : आधी पुढचा, मग बाजूचे, शेवटी मागचा. जी पट्टी काढल्यावर आवाज परत येतो, तिथे फट. कानाने भागत नसेल तर उभ्या गाडीत काचा लावून पंखा बाहेरच्या हवेवर पूर्ण वेगाने सुरू करावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. पाण्याच्या फवाऱ्यावर मात्र फार विसंबू नये. सांध्याखाली पन्हळ असते, ती आत शिरलेले पाणी वाहून नेते; त्यामुळे एक थेंबही न गळणारी गाडी खुशाल शिट्टी वाजवू शकते.

सगळ्यात जास्त दोष सापडतो तो छपरात नाही, दाराच्या काचेत. या गाड्यांच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. काचेची वरची कड थेट छपराच्या रबरात शिरते. विंडशील्डच्या खांबावरून सुटलेला भोवरा याच काचेवर फिरतो आणि तिला बाहेर ओढतो. वेगात वरची कड मिलिमीटरभर बाहेर गेली, तरी रबराची पकड सुटते. म्हणून काच वर गेल्यावर रबराला नुसती टेकून चालत नाही, तिने आतल्या बाजूला थोडा दाब धरून ठेवायला हवा. कागदाची बोटभर रुंद पट्टी काच आणि रबर यांच्या मध्ये धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती अडखळत, घासत निघाली पाहिजे. पुढच्या कोपऱ्यात घट्ट आणि मागच्या कोपऱ्यात सुळकन निघत असेल तर काच तिरकी चढते आहे. दाराचे आतले पॅनेल काढले की काच धरून वर-खाली नेणाऱ्या वाहकाचे बोल्ट आणि वरची मर्यादा ठरवणारा थांबा दिसतो. काच आत झुकवायची असेल तर खालचे टोक बाहेर सरकवावे लागते, हे विसरून अनेक जण उलटे फिरवत बसतात. दार उघडताना काच आपोआप थोडी खाली उतरणाऱ्या गाड्यांत बॅटरी काढल्यानंतर मोटरला काचेचे वरचे टोक नव्याने शिकवावे लागते. ते न केल्यास काच दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबते. रबर नवे असले तरी त्याचा तिथे काही उपयोग नाही.

काच बरोबर बसल्यावरच पॅनेलकडे वळावे. विंडशील्डच्या वरच्या पट्टीवरून मागे छपरावर नख फिरवावे. नख पॅनेलच्या पुढच्या कडेला अडकता कामा नये. ही कड पट्टीशी समपातळीत किंवा फार तर मिलिमीटरभर खाली हवी. वर आली तर ती वाऱ्याला पात्यासारखी आडवी येते. मागच्या सांध्यालाही तोच न्याय : पॅनेल मागच्या कमानीच्या (पॅनेलचे मागचे टोक जिथे टेकते त्या बॉडीच्या भागाच्या) पातळीला किंवा किंचित वर चालते, खाली चालत नाही. जाड बीडिंग घातल्यावर आवाज वाढतो तो नेमका इथे. रबर दबायला जागा नसते, पॅनेल वर उचलले जाते आणि पुढची कड वाऱ्यात उभी राहते.

अशा वेळी लॅच, म्हणजे छप्पर अडकवणाऱ्या कड्या, आणखी आवळण्याचा मोह होतो. तो टाळावा. लॅच कोपऱ्यांत असतात. जास्त आवळले की कोपरे खाली ओढले जातात आणि पुढच्या कडेचा मधला भाग कमानीसारखा वर येतो. कोपऱ्यात कागद फाटेपर्यंत घट्ट आणि मध्यभागी मोकळा, असे चित्र दिसले की दुसरे कारण शोधायला नको. लॅचचा हुक आट्यांचा असेल तर एका वेळी अर्धा फेराच फिरवावा, दोन्ही बाजूंना सारखाच, आणि प्रत्येक वेळी कागदाने तपासावे. बोल्टचे छप्पर असेल तर चारही बोल्ट हाताने आट्यात धरावेत, मग कोपऱ्यासमोरचा कोपरा या क्रमाने थोडे थोडे आवळावेत आणि शेवटचा ताण मॅन्युअलमध्ये दिला आहे तेवढाच द्यावा. सततच्या जादा ताणाने लॅचच्या बुडाशी पॅनेलला तडा जातो. असे पॅनेल महामार्गावर उडून मागच्या गाडीवर जाऊ शकते, म्हणून हा नुसत्या आवाजाचा प्रश्न राहत नाही.

पारदर्शक प्लास्टिकच्या पॅनेलबद्दल एक सांगायला हवे. पॉलिकार्बोनेटचे मीटरभर लांबीचे पॅनेल तापमान 40 अंशांनी चढले की सुमारे अडीच मिलिमीटर वाढते. पोलादी चौकट अर्ध्या मिलिमीटरने. सकाळी गप्प असलेले छप्पर दुपारी करकरते ते यामुळे. असे पॅनेल थंड असताना फटी अगदी चिकटवून बसवू नये, बाजूंना वाढीची जागा ठेवावी.

आणि मग रबर. पोकळ बीडिंग त्याच्या उंचीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढे दबले की पुरे. वर्षानुवर्षे दबून सपाट झालेले, बोटाने दाबल्यावर पुन्हा फुगून न येणारे रबर बदलायलाच हवे. पण तेच मापाचे, जाड नव्हे. एखादीच जागा खोल असेल तर तेवढ्याच लांबीला बीडिंगखाली बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमची पातळ पट्टी द्यावी. पोकळ बीडिंगला ठरावीक अंतरावर बारीक छिद्रे असतात. दाबल्यावर आतली हवा तिथून निघते. ती भोके दोष समजून सीलंटने बुजवली की रबर हवा भरलेल्या नळीसारखे कडक होते आणि पॅनेल पुन्हा वर ढकलते. बीडिंगची दोन टोके जुळतात तो सांधा मागच्या कडेला घ्यावा, पुढे वाऱ्याच्या तोंडावर नको. तिथे राहिलेली मिलिमीटरची फटही शिट्टी वाजवते. देखभालीला सौम्य साबणाचे पाणी, पूर्ण वाळवणे आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, उरलेले पुसून टाकून. पेट्रोलियमचे ग्रीस या रबराला फुगवते आणि मऊ पाडते. काढलेले पॅनेल भिंतीला रबराच्या कडेवर उभे करून ठेवू नये; रबर एका जागी चेपले की ती चेप महिनोन्महिने जात नाही.

छप्पर काढल्यावर कानात धपधपणारा खालच्या पट्टीचा घुमारा हा वेगळा विषय आहे. तिथे केबिन रिकाम्या बाटलीसारखी घुमत असते. काचा थोड्या खाली-वर करून किंवा विंडशील्डच्या वरच्या कडेला विक्षेपक, म्हणजे वारा वळवणारी पट्टी, उभा करून तो मोडतो. पोर्शे 911 टार्गाच्या अलीकडच्या पिढ्यांत असा विक्षेपक विंडशील्डच्या चौकटीतच दिलेला आहे.

मोटारींची परीक्षणे करणाऱ्यांना आपल्या दैनिकामार्फत आमची विनंती आहे की त्यांनी आवाजाची नोंद 80, 100 आणि 120 या वेगांना, दोन्ही दिशांना करावी आणि कोणता सांधा वाजतो ते टेप लावून पाहून लिहावे. उत्पादकांनीही पॅनेलच्या पुढच्या आणि मागच्या कडेची अपेक्षित पातळी मालकाच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये छापावी. आज ही मापे मिळाली तर वर्कशॉपच्या मॅन्युअलमध्ये मिळतात, आणि छप्पर रोज काढणारा-बसवणारा माणूस मालक असतो.

आपले विश्वासू,
बॉडी फिटिंगच्या कामातले काही वाचक