परदेशी बायबल स्कूलमधील शनिवार-रविवार

संपादक महोदय,

परदेशात शिकायला जाणाऱ्यांसाठी वृत्तपत्रांतून बरेच मार्गदर्शन होत असते, परंतु ते बहुधा विद्यापीठांपुरतेच असते. काही ख्रिस्ती तरुण-तरुणी पदवीच्या आधी किंवा नंतर काही महिन्यांसाठी परदेशातील बायबल स्कूलमध्ये किंवा शिष्यत्व प्रशिक्षणासाठी (येशूचे अनुयायी म्हणून जगायला शिकण्यासाठी) जातात; अशाच एका शाळेत मी निवासी विद्यार्थी होतो. अर्ज करणारा प्रत्येक जण अभ्यासक्रम, शुल्क आणि व्हिसा यांची बारकाईने चौकशी करतो. शनिवार-रविवार कसे जातात हे मात्र कोणी विचारत नाही, आणि माहितीपुस्तिकेतही त्याविषयी एखाद्या हसऱ्या सहलीच्या छायाचित्रापलीकडे काही नसते. माझ्या मते ही चौकशी सर्वांत आधी व्हायला हवी.

याचे कारण या शाळांच्या घडणीत आहे. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये सुरू केलेल्या ‘युथ विथ अ मिशन’ या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या शिष्यत्व प्रशिक्षणात साधारण तीन महिने एका केंद्रात राहून शिकायचे आणि त्यानंतर दोन-तीन महिने गटाने अन्यत्र सेवेला जायचे, अशी रचना असते. स्वित्झर्लंडमधील वेमोज या डोंगरी खेड्यात १९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘लाब्री’ या ख्रिस्ती निवासी अभ्यासकेंद्रात अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस श्रम असा क्रम रूढ झाला. तपशील वेगळे असले तरी शिकणे, राहणे, जेवणे, काम आणि प्रार्थना एकाच आवारात, त्याच माणसांबरोबर, हे बहुतेक ठिकाणी समान असते. त्यामुळे शुक्रवारी वर्ग संपला तरी शाळा संपत नाही. आठवडाभर ज्यांच्यासमोर आपण मनातले बोललो, कधी रडलोही, तीच मंडळी शनिवारी सकाळी भांडी घासण्याच्या पाळीत आपल्या शेजारी उभी असतात. एकांत हवा असणाऱ्याला हे जड जाते, आणि तसे बोलून दाखवणे त्याहून जड.

शनिवारचा बराच भाग कपडे धुण्याच्या यंत्रासमोरील रांगेत, खोलीच्या सफाईत आणि स्वयंपाकघराच्या पाळीत जातो. त्यात काही वावगे नाही. खरे ओझे असते ते पत्रांचे. अनेक विद्यार्थ्यांचा खर्च त्यांच्या मंडळीतील (म्हणजे चर्चमधील) लोकांनी, नातेवाइकांनी आणि ओळखीच्यांनी दिलेल्या देणगीतून भागतो, आणि त्या सर्वांना नियमितपणे प्रार्थनापत्र, म्हणजे आपली खुशाली कळवून प्रार्थनेची विनंती करणारे पत्र, पाठवायचे असते. हे पत्र लिहायला निवांत वेळ मिळतो तो शनिवारीच. ज्यांनी स्वतःच्या गरजा बाजूला ठेवून पैसे दिले, त्यांना ‘या महिन्यात मला फार एकटे वाटले, शिकवणीतले काही पटले नाही’ असे कोण कळवणार? मग प्रत्येक पत्रात आशीर्वाद, वाढ आणि आनंद यांचेच वर्णन येते, आणि पुढच्या वर्षी तीच पत्रे वाचून दुसरा कोणी अर्ज भरतो.

पैशाचा फरकही याच दोन दिवसांत उघडा पडतो. वर्गात आणि जेवणाच्या टेबलावर सगळे सारखे असतात. परंतु शुक्रवारी संध्याकाळी चार जण वर्गणी काढून गाडी भाड्याने घेतात, आणि ज्यांच्या देशाचे चलन कमकुवत आहे ते ‘थोडे वाचायचे आहे’ असे सांगून मागे राहतात. बाहेर काही काम करून हातखर्च मिळवावा म्हटले तर व्हिसाच्या अटी आड येतात. अमेरिकेच्या एफ-१ विद्यार्थी व्हिसावर पहिल्या शैक्षणिक वर्षात आवाराबाहेर नोकरी करताच येत नाही. त्यातून शाळा गावाबाहेर असेल, तर रविवारी बस मिळण्याचीही पंचाईत होते. जर्मनीसारख्या देशात रविवारच्या विसाव्याला राज्यघटनेचेच संरक्षण आहे आणि तुरळक अपवाद वगळता दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी साबण आणायचा राहिला की सोमवारपर्यंत थांबावे लागते.

रविवारची सकाळ उपासनेची. शाळेच्या आवारातच उपासना होत असेल तर तो आणखी एक वर्ग होऊन बसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट जवळच्या एखाद्या लहान मंडळीत विद्यार्थ्याला जाऊ दिले, तर भाषा अर्धीच कळली तरी तिथे म्हातारी माणसे भेटतात, लहान मुले भेटतात, आणि उपासनेनंतर कोणी घरी जेवायला बोलावले की पुष्कळ दिवसांनी एका कुटुंबात बसल्यासारखे वाटते. संपूर्ण प्रशिक्षणात मला सर्वांत मोलाचे वाटले ते हेच. (परदेशी विद्यार्थ्याला दर रविवारी पुढे उभे करून साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव सांगायला, लावण्याचा काही मंडळ्यांचा उत्साह मात्र आवरायला हवा.)

या शाळांतून शब्बाथाविषयी, म्हणजे आठवड्यातील विसाव्याच्या पवित्र दिवसाविषयी, पुष्कळ शिकवले जाते. दहा आज्ञांपैकी विसाव्याची आज्ञा केवळ घरधन्यासाठी नाही; बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तिच्यात मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परकाही येतो. असे असताना शनिवार-रविवारची पाळी ज्यांना सुटीत कुठे जाता येत नाही अशा परदेशी विद्यार्थ्यांच्याच वाट्याला वारंवार येत असेल, तर त्या शिकवणीचे काय करायचे, हे शाळाचालकांनी स्वतःला विचारावे. यात नेहमी दुष्ट हेतू असतो असे मी म्हणत नाही. जो हाताशी असतो त्यालाच काम सांगितले जाते, इतकेच. परंतु पाळ्यांचा तक्ता लिहून भिंतीवर लावणे काही अवघड नाही.

अशा शाळांच्या अर्जासोबत बहुधा पाळकांचे (चर्चच्या धर्मगुरूंचे) शिफारसपत्र मागितले जाते. ते देण्यापूर्वी पाळकांनी शाळेला लेखी विचारावे: आठवड्यातून एक पूर्ण दिवस कामाविना मिळतो का, सुटीच्या दिवशी जेवणाची सोय काय, जवळच्या गावात जायला वाहन आहे का, बाहेरच्या मंडळीत जाण्याची मुभा आहे का, आणि मन खचले तर शनिवारी रात्री कोणाचे दार ठोठवायचे. शक्य असेल तर ज्याची निवड शाळेने केलेली नाही अशा एखाद्या माजी विद्यार्थ्याशी अर्जदाराचे बोलणे घडवून आणावे, आणि तेव्हा प्रार्थनापत्रांतून गाळलेला मजकूर त्याला मोकळेपणाने विचारावा.

आपला,
एक माजी प्रशिक्षणार्थी