चि. समीरला, मुंबईतल्या दोन दिवसांविषयी

डोंबिवली,
ता. २८ नोव्हेंबर

चि. समीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. बेंगळुरूहून येणाऱ्या तुझ्या दोन सहकाऱ्यांना मुंबईत काय दाखवावे, कुठे जेवू घालावे आणि संध्याकाळी कुठे बसवावे, याची यादी तू मागितली आहेस. बारचे नाव मुलाने बापाला विचारावे असे दिवस आले, म्हणून तुझी आई हसली. मला मात्र चौतीस वर्षे फोर्टात नोकरी करून मिळवलेले ज्ञान अखेर घरात कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे, याचे समाधान वाटले. नुसती यादी मी देणार नाही. या शहरातली चांगली ठिकाणे अवेळी गेल्यास पाहुण्यांसमोर फजिती करतात, म्हणून वेळ धरूनच लिहितो.

बुधवारी सकाळी धोबीतलावच्या कयानीत जा. मेट्रो सिनेमासमोरचे हे इराणी दुकान १९०४ पासून चालू आहे. तिथे ब्रून मस्का आणि चहा मागवावा. ब्रूनचा कडक पापुद्रा मोडताना चुरा अंगावर पडतोच, त्याला इलाज नाही. तुकडा चहात बुडवला की लोण्याचे पिवळे ठिपके वर तरंगू लागतात, आणि पाहुण्यांपैकी जो त्या ठिपक्यांकडे पाहून नाक मुरडेल त्याला पुढे कुठेही न्यायच्या फंदात पडू नकोस.

तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चालत जाता येते. कोनशिला १९०५ सालची, इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली. पण महायुद्धाच्या काळात तिचे लष्करी रुग्णालय झाले आणि लोकांसाठी दारे उघडायला १९२२ साल उजाडले. आत शिरण्याआधी पाच मिनिटे बागेत उभे राहून दगड पाहा : करडा कुर्ल्याचा, पिवळसर मालाडचा, आणि वरचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवरचा. सगळी दालने एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. मी तिथे जातो तो सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातून आलेल्या भाजलेल्या मातीच्या मूर्तींसाठी. त्यांत हातात कमळ धरलेला एक भक्त आहे. दीड हजार वर्षे होत आली तरी त्याच्या अंगावर रंगाच्या खुणा शिल्लक आहेत. साहेबाच्या बोलण्याने जीव विटला की मी जेवणाच्या सुट्टीत तिकीट काढून त्याच्यासमोर उभा राहत असे, हे तुझ्या आईलाही आजच कळते आहे.

संग्रहालयाचा वास्तुकार जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडिया त्याचेच आणि बॅलार्ड इस्टेटची आखणीही त्याचीच, त्यामुळे दुपारी त्याच्याच रस्त्यांवरून ब्रिटानियापर्यंत चालत जाणे मला योग्य वाटते. १९२३ साली सुरू झालेले हे दुपारच्या जेवणाचे ठिकाण आहे. उशीर केलास तर उपाशी परतशील. बेरी पुलाव घ्यावा. त्यावरची लाल, आंबट बेरी इराणी असते, आणि भाताखाली मटण दडलेले असल्यामुळे चमचा तळापर्यंत घालावा लागतो. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड.

आता बारविषयी. कुलाबा कॉजवेवरच्या मोंडेगारमध्ये अंधार पडायच्या आत बसावे, कारण भिंतींवरची व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रे गर्दी झाल्यावर नीट दिसत नाहीत. तिथे बिअर एकेकच पुरे. खरी बैठक ताजच्या मागच्या गल्लीतल्या गोकुळमध्ये : साधी टेबले, शेंगदाण्यांवर कांदा, मिरची आणि लिंबू, आणि खिशाला परवडणारे दर. अशा जागेला आपण परमिट रूम का म्हणतो, हे पाहुण्यांना अवश्य सांग. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने या राज्यात प्यायला परवाना लागतो, तो आजही लागतो, आणि दारूसाठी वयाची पंचविशी पूर्ण असावी लागते. पाहुण्यांतला धाकटा चोविशीचा असेल तर त्याला समजावून सांगावे. बिल ओळ न् ओळ वाचावे. तरुणपणी एका बारमध्ये, नाव लिहीत नाही, आम्हा चौघांच्या बिलात न मागवलेल्या दोन मसाला पापडांचे पैसे लावले होते, आणि ते आमच्या लक्षात आले मरीन लाइन्सला पोहोचल्यावर. भूक उरलीच तर त्याच गल्लीत बडेमियाँचे सीख कबाब आहेत.

गुरुवारी भायखळ्याला जा. राणीची बाग आणि तिच्या आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, म्हणून मी ती गुरुवारवर टाकली. हे शहरातले सर्वांत जुने संग्रहालय, १८७२ चे. कारागिरांचे, निरनिराळ्या जातीजमातींचे मातीचे छोटे पुतळे तिथे आहेत. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. याच्यामुळेच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले, आणि इंग्रज त्याला विलायतेला नेऊ पाहत असताना तो मोडला, म्हणून आपल्याकडे राहिला.

भायखळ्याहून धीम्या लोकलने माटुंगा. स्टेशनाबाहेरच्या रामा नायकांच्या उडुपी बोर्डिंगात, जे १९४२ पासून आहे, केळीच्या पानावर जेवण वाढतात. रांग असली तरी थांबावे आणि पानात काही टाकू नये. मासे खायचे असतील तर रात्री दादरला सिंधुदुर्ग हॉटेलात बोंबील आणि सोलकढी घ्यावी. डिसेंबरात येत आहात ते बरे झाले, कारण जून-जुलैत मासेमारी बंद असते.

त्याआधी संध्याकाळी दादरच्याच प्रकाश उपाहारगृहात पीयूष प्यायला जाशील, तेव्हा आईसाठी साबुदाणा वडे बांधून घे. डोंबिवलीपर्यंत ते गार होतात, तरी तिला चालतात.

तुझे,
बाबा