संगणकाला आमचं गाव कळत नाही, त्यानं तालुका विचारावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मोसमात, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्या आंब्याच्या बागेत तुडतुडा या किडीसाठी फवारणी करायची होती. मोहोर चांगला फुटला होता. तीन दिवस हवा ढगाळ होती आणि तुडतुडा वाढायला तेवढं पुरतं. सकाळी सहाला मी घरातला संगणक लावून हवामानाचं पान उघडलं. सूर्याचं चित्र, खाली 'आज पावसाची शक्यता नाही'. गड्यांना हो म्हटलं. दोनशे लिटरच्या चार पिंपांत औषध कालवलं, पंप चढावर नेला, अकरापर्यंत खालच्या बाजूची सगळी कलमं भिजवून झाली. साडेबाराला सर आली. अर्धा तासच पडली, पण जोरात. पानांवरून ओघळलेलं औषध कातळावरून पांढुरकं होऊन वाहत गेलं, ते मी पडवीतून बघत उभी होते. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली आणि चार दिवसांनी सगळं पुन्हा करावं लागलं.

संध्याकाळी शेजारचे आजोबा आले. उभं आयुष्य त्यांनी होडीवर तांडेलकी केली. तिथीवरून भरती-ओहोटी त्यांना तोंडपाठ. त्याच पानावर खाली भरतीची वेळ दिली होती, ती मी त्यांना सहज वाचून दाखवली. ते लगेच म्हणाले, "वैनी, ह्यां मुंबयचां हा. आमचां न्हय." आमच्याकडे भरती मुंबईच्या आधी लागते, त्यामुळे वेळ ऐकूनच त्यांनी चूक ओळखली. मग मी चष्मा लावून नीट पाहिलं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मुंबई' लिहिलेलं होतं. देवगड तालुक्यातल्या माझ्या घरात बसून मी पाच महिने मुंबईचं हवामान वाचत होते. त्या पानानं मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी तिकडे पाहिलं नाही.

पत्र लिहिण्याचं कारण हेच. हा घोटाळा माझ्या एकटीच्या घरात नाही, वाडीत चार संगणक आहेत आणि चौघांचं गाव वेगळं दिसतं. एकाकडे पुणे, एकाकडे नागपूर. मी आधी समजत होते की यंत्र बिघडलंय. फायबरची जोडणी करून देणाऱ्या मुलानं समजावलं, मग मी स्वतःही बरंच वाचलं, तेव्हा कळलं की यंत्रात बिघाड काहीच नाही.

इंटरनेटवर बाहेर पडताना आपल्या जोडणीला एक आकडी पत्ता मिळतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. आपलं ठिकाण ओळखायला संकेतस्थळाच्या हाती बहुधा तेवढाच असतो. त्या आकड्यात गाव, तालुका, जिल्हा यातलं काहीही लिहिलेलं नसतं. पत्त्यांचे गठ्ठे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना दिलेले असतात, आणि कुठला गठ्ठा कुठल्या शहरातला असावा याच्या वह्या तयार करून विकणाऱ्या कंपन्या निराळ्या आहेत. संकेतस्थळं त्या वहीत बघून आपलं गाव ठरवतात. देश बहुधा बरोबर निघतो, शहराचा भरवसा नसतो आणि वाडीवस्तीचा तर प्रश्नच येत नाही. आमची तार वाडीतून तालुक्याला, तिथून पुढे जाता जाता कंपनीच्या मोठ्या केंद्रातून बाहेरच्या जगात शिरते. ते केंद्र मुंबईत असेल तर वहीत आम्ही मुंबईकर. कंपनीनं वाट बदलली की आम्ही रातोरात नागपूरकर.

त्यात पत्त्यांचा तुटवडा आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. जगाच्या मुख्य साठ्यातला शेवटचा गठ्ठा फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपला. नव्या पद्धतीचे पत्ते मुबलक आहेत, पण जुने अजून वापरात आहेत आणि ते पुरवून पुरवून वापरावे लागतात. म्हणून कंपन्या शेकडो घरांना एकाच पत्त्याआड ठेवतात. हे मला आमच्या गावाच्या मुंबईतल्या खोलीवरून लख्ख कळलं. माझे सासरे गिरणीत होते तेव्हा लालबागला गावकऱ्यांची एक खोली होती. पाळीपाळीनं झोपणारे तीस-चाळीस गडी आणि सगळ्यांचा पत्ता एकच. त्या पत्त्यावरून कुणाचं घर कुठल्या वाडीत, हे पोस्टमननं कसं ओळखावं? आज आमच्या संगणकांचं तेच झालंय. शेकडो घरं एका खोलीच्या पत्त्यावर आणि माझी खोली मुंबईत.

वहीतल्या चुकीनं माणसाचं काय होऊ शकतं याचं एक उदाहरण २०१६मध्ये उघडकीला आलं. अशी वही तयार करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीकडे असंख्य पत्ते असे होते की ते अमेरिकेतले आहेत यापलीकडे काही माहीत नव्हतं. कंपनीनं त्या सगळ्यांसाठी नकाशावर देशाच्या साधारण मध्यावर एक बिंदू ठरवला. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतघरावर पडला. साठ कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका घराच्या नावावर लागले. देशात कुठेही कुणी फसवणूक केली, कुणाचा संगणक फोडला, की पोलीस आणि चिडलेली माणसं त्या अंगणात येऊन उभी राहत. वर्षानुवर्षं. शेवटी बोभाटा झाल्यावर कंपनीनं तो बिंदू सरकवून एका तळ्यात नेला आणि पुढे प्रकरण कोर्टातही गेलं. ज्यांनी काहीच केलं नाही त्या माणसांनी इतकं सोसलं, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

मुलं म्हणतात, मोबाईलवर बघा, तिथे बरोबर दिसतं. खरं आहे. मोबाईलमध्ये उपग्रहाचे संदेश घेणारी चिप असते आणि टॉवरही जवळचाच असतो. टेबलावरच्या संगणकात बहुधा ती चिप नसते. ब्राउझरनं परवानगी मागितली आणि आपण दिली, तर तो आजूबाजूचे वायफाय राउटर ओळखून त्यावरून जागा काढू शकतो. शहरात हे छान जमतं. आमच्या वाडीत घरं लांब लांब, राउटर मोजके. आमच्याकडे तर पुतण्यानं डोंबिवलीहून त्याचा जुना राउटर आणून जोडला, तेव्हा बरेच दिवस संगणक डोंबिवलीच दाखवत होता, कारण तो राउटर डोंबिवलीतला म्हणून नोंदलेला होता. संगणक नुसत्या तारेनं जोडलेला असेल तर हाही आधार उरत नाही, पुन्हा ती वहीच. शिवाय मोबाईलचा पडदा लहान. ज्यांना दिसायला त्रास होतो अशी माझ्या वयाची माणसं संगणकावरच वाचतात.

फवारणीचं नुकसान मी सोसलं. मला जास्त काळजी वाटते ती बँकेच्या निरोपांची. यजमानांना एकदा मोबाईलवर निरोप आला, 'तुमच्या खात्यात नागपूरहून प्रवेश झाला आहे, तो तुम्ही केला नसल्यास त्वरित कळवा.' त्यांच्या हाताला कापरं भरलं. आयुष्यभराची पुंजी त्या खात्यात. रिक्षा करून शाखेत गेलो, तासभर बसलो, तेव्हा उलगडा झाला की सकाळी नऊ वाजता त्यांनीच घरच्या संगणकावरून पेन्शन जमा झाली का ते पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी आला तेव्हा ते घाबरले नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी तो वाचलाच नाही. ज्या दिवशी खरंच कुणी परका त्या खात्यात शिरेल, त्या दिवशीचा निरोपसुद्धा असाच पडून राहील. बँकांनी निरोपात गावाच्या आधी 'अंदाजे' हा शब्द घालावा, आणि वेळ व कुठल्या यंत्रावरून प्रवेश झाला ते ठळक लिहावं. वेळ सांगितली असती तर आमची ती फेरी वाचली असती.

वादळाच्या दिवसांत तर हा फरक जिवावर बेतणारा आहे. तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ला आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, मुंबईजवळून १७ तारखेला. मधे एक अख्खा दिवस. सोळाच्या सकाळी आमच्याकडे माड मोडून पडत असताना मुंबईचं पान वाचणाऱ्याला वाटावं, अजून वेळ आहे. हवामान खात्याचे इशारे जिल्हावार निघतात. मुंबईचा इशारा वेगळा, रत्नागिरीचा वेगळा, सिंधुदुर्गाचा वेगळा. एवढं करून दिलेला इशारा वाचकाच्या पडद्यावर दुसऱ्याच जिल्ह्याचा लागत असेल, तर त्या मेहनतीचा आम्हाला काय उपयोग?

यावर उपाय महाग नाही. हवामान, भरती-ओहोटी, शेतीसल्ला, आपत्तीचे इशारे देणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळानं पहिल्या भेटीत तालुका किंवा पिनकोड विचारावा, तो लक्षात ठेवावा आणि पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात दाखवावा. काही जण म्हणतात, त्यापेक्षा लोकांनी ठिकाणाची परवानगी कायम चालू ठेवावी. मला ते पटत नाही. पावसाचा अंदाज सांगायला माझं अंगण कुठे आहे हे कुणाला कळायची गरज नाही, तालुका पुरेसा आहे आणि तो मी स्वतः सांगेन. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनाही सांगणं आहे. आपल्या पत्त्यांचा कुठला गठ्ठा कुठल्या राज्यात, कुठल्या शहराकडे वापरला जातो याची यादी कंपनीनं स्वतःच जाहीर करण्याची एक ठरलेली पद्धत २०२०पासून आहे. साधी यादी असते. ती पाळली आणि बदल झाला की ताजी ठेवली, तर वह्यांतल्या पुष्कळ चुका सुधारतील. घरोघरीच्या लोकांनी तक्रार करून हे निस्तरणार नाही, कारण आमच्याकडचा पत्ता अधूनमधून बदलत असतो.

आणि शेवटी आपल्याला एक विनंती. आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावर 'तुमच्या शहरातील बातम्या' असा रकाना आहे, तोही मला मुंबईच्या बातम्या दाखवतो. छापील अंक मात्र आमच्या जिल्ह्याचा, न चुकता सकाळी एसटीनं येतो. संकेतस्थळावर जिल्हा निवडायची सोय आहे, पण ती पानाच्या तळाशी आहे, मला शोधायला दोन दिवस लागले. ती वर आणावी. नोव्हेंबरात मोहोर फुटायला लागेल, त्याआधी झालं तर बरं होईल.

आपली नम्र,
एक आंबा बागायतदार
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग